तीन शेंगांचा वेळ

आमच्या मावशी विमानात गवार निवडत बसायच्या.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. समोरचा माणूस हसतो आणि पुढच्या विनोदाची वाट बघतो. पुढे विनोद नाही. जमिनीपासून दोन हजार फुटांवर, दोन माणसं कशीबशी मावतील एवढ्या विमानात, डावीकडच्या खुर्चीत मी घामाने निथळत हँडलला लोंबकळत असायचो. उजवीकडे साठी ओलांडलेल्या एक बाई, कानांवर हेडसेट, डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला बस कंडक्टरसारखी कापडी पिशवी. देठ मोडायचं, शीर ओढायची, शेंगेचे दोन तुकडे करायचे. पिशवीला दोन कप्पे होते, एकात भाजी, एकात कचरा. नजर पूर्णवेळ बाहेर. हातांना डोळ्यांची गरज नव्हती.

"एक देठ जरी खाली पडून तुझ्या पायाशी अडकलं," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तर संध्याकाळी आपली दोघांची भाजी."

आखातात, अजमानच्या पुढे, खाडी आणि खारफुटी ओलांडली की वाळूत एक छोटी धावपट्टी होती आणि तिच्या कडेला एक फ्लाइंग क्लब. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात चूक क्लबची नाही, माझी आहे. मावशी तिथे शिकवायच्या. हुद्द्याने कॅप्टन. पण कुणीतरी मराठी विद्यार्थ्याने कधीतरी 'मावशी' म्हटलं, आणि मग मल्याळी मेकॅनिक जोसेफपासून क्लबच्या लेबनीज मॅनेजरपर्यंत सगळेच त्यांना 'मौशी' म्हणायला लागले. मॅनेजरला वाटायचं की हा भारतीय हवाई दलातला एखादा मोठा हुद्दा आहे. मावशींनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

त्या मूळच्या मिरजेच्या. काका रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर होते, तिथल्या कॉलनीत यांची वीस वर्षं गेली. "रुवैसला बायकांना तीनच उद्योग," त्या सांगायच्या. "भिशी, वजन, आणि दुसऱ्या बाईच्या पोराचे मार्क. मला तिन्हींत गती नव्हती." म्हणून एक्केचाळिसाव्या वर्षी त्या विमान शिकायला निघाल्या. काका म्हणाले, आधी गाडी रिव्हर्स घ्यायला शीक. "ती मला अजून येत नाही. विमानाला रिव्हर्स नसतो, म्हणून जमलं बघ." ही थाप नव्हती. क्लबच्या आवारात मावशींची गाडी नेहमी भिंतीकडे तोंड करून उभी असायची, आणि घरी जायच्या वेळी जोसेफ हात पुसत पुसत येऊन ती वळवून द्यायचा.

काका गेल्यावर त्या मिरजेला परतल्या नाहीत. अजमानमध्ये एका खोलीचा फ्लॅट घेऊन राहिल्या आणि शिकवत राहिल्या. व्हिसा क्लबचा होता, साठीनंतर दर वर्षी नवा होणारा. "मी इथं भाजीसारखी आहे," त्या म्हणायच्या. "रोज ताजी दिसले पाहिजे."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होतो. जबल अलीतल्या एका गोदामात कंटेनर कुठला, कधी, कुठे जाणार हे बघण्याचं माझं काम. या वयात लोक पळायला लागतात, नाहीतर गिटार विकत आणतात. मला लहानपणापासून विमान चालवायचं होतं, एवढं साधं कारण होतं, आणि त्याचीही मला लाज वाटायची. माझी बायको मेधा क्लबच्या फीचे दिरहम मोठ्याने रुपयांत करायची आणि मग काही न बोलता पोळ्या लाटायला घ्यायची. ते न बोलणं मला पुढचा आठवडाभर पुरायचं. शिवाय शनिवार. आठवड्यातला एक मोकळा दिवस, तोही मी पहाटे उठून घराबाहेर. माझी मुलगी सानिका तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या शाळेचे दोन कार्यक्रम मी चुकवले. त्या दोन्ही तारखा मला पाठ आहेत.

असा माणूस विमानात बसला की काय होतं? तो सॉरी म्हणतो. विमान डावीकडे कललं, सॉरी. उजवीकडे कललं, सॉरी. उंची शंभर फूट कमी झाली, सॉरी मावशी. पहिल्या तासाला त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या तासाला म्हणाल्या, "विमानाला सॉरी म्हणू नकोस. त्याला वाईट वाटत नाही. त्याला फक्त स्पीड कळतो."

"सॉरी," मी म्हणालो.

"तू सॉरी म्हणालास तेवढ्यात आपण पन्नास फूट खाली आलो. बघ की तिकडं. चूक केलीस? हात हलव. तोंड कशाला हलवायलायस?"

तेव्हापासून मी 'सॉरीबुवा' झालो. जोसेफसुद्धा वहीत माझ्या नावापुढे 'सॉरी साब' लिहायला लागला.

गवारीचं कारण मला महिन्याभराने कळलं. मावशी नव्या होत्या तेव्हा त्यांचे हात सारखे हँडलकडे धावायचे. नाशिकचा एक विद्यार्थी चाळीस तास शिकला तरी त्याला विमान उतरवता येईना. एक दिवस मावशींच्या लक्षात आलं की आजवरचं प्रत्येक विमान त्यांनीच उतरवलं होतं. "तो बिचारा प्रवासी होता. मी म्हणजे सुनेच्या पाठीशी उभी राहून कढईत झारा घालणारी सासू झाले होते." मग त्यांनी हातांना काम दिलं. आधी विणकाम करून बघितलं, पण सुया बघून विद्यार्थी घाबरायचे. मटार गडगडायचे. मेथीची पानं पंख्याच्या वाऱ्यावर कॉकपिटभर उडाली. गवार टिकली.

पण गवार नुसती हातांना गुंतवायला नव्हती. विद्यार्थ्याने चूक केली की मावशींचे हात थांबायचे. त्या बोलायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत, माझ्याकडे बघायच्याही नाहीत. अर्धी मोडलेली शेंग बोटांत तशीच. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते हात बघायचो. स्पीड बघ, उंची बघ, नाक कुठे आहे बघ. सापडली चूक, केली दुरुस्त, की शेंग पुढे मोडायची. नाही सापडली तर थोड्या वेळाने त्या म्हणायच्या, "दे इकडं." हात पिशवीला पुसायच्या आणि हँडल घ्यायच्या.

"किती वेळ थांबता?" मी एकदा विचारलं.

"तीन शेंगांचा. पहिलीत चूक दिसते, दुसरीत पटते, तिसरीत हात हलतो."

"आणि चौथीत?"

"चौथीत वाळू लागते तोंडात."

निवडलेली गवार विद्यार्थ्याने घरी न्यायची, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे माझा अभ्यास कसा चालला आहे हे मेधाला मी सांगायच्या आत कळायचं. पहिल्या दिवशी मी मूठभर शेंगा घेऊन गेलो. तिने त्या ताटलीत पसरल्या, मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "एवढ्यात तिघांचं काय होणार?" दोन महिन्यांनी वाटीभर. चार महिन्यांनी एका वेळची भाजी. मी जितका बरा उडवायला लागलो, तितकी घरी गवार वाढत गेली, आणि माझ्या प्रगतीचा सगळ्यात जास्त त्रास सानिकाला झाला. शनिवारी दुपारी मी दारातून आत आलो की ती पिशवीकडे बघायची. "पापा, नॉट गवार अगेन. कॅन यू प्लीज फ्लाय बॅडली फॉर वन वीक?"

मावशींना कशाचीच फार भीड नव्हती. एका विद्यार्थ्याने घड्याळांच्या पॅनेलवर छोटा गणपती चिकटवला. मावशींनी चष्मा वर करून बघितलं. "त्याला मागं सामानात बसव. इथं मला ऑइलचं प्रेशर दिसेना." एकदा मी धीर करून विचारलं, मावशी, समजा इंजिन बंद पडलं आणि आपण पडलोच तर? त्या म्हणाल्या, "तर उद्या तुला जबल अलीला जायला नको." मग विमानाचं नाक खाली करत, इंजिन मंद करून, त्यांनी मला वाळूत उतरायची जागा कशी शोधायची ते अर्धा तास शिकवलं. त्या अर्ध्या तासात एकही शेंग मोडली नाही. थट्टा कुठे संपते हे त्यांच्या हातांवरून कळायचं.

सातव्या महिन्यात एका सकाळी, तीन वेळा नीट उतरवून झाल्यावर, त्यांनी पट्टीच्या टोकाला विमान थांबवायला सांगितलं, पट्टा सोडला आणि खाली उतरल्या. "जा आता एकटा. या हादऱ्यात माझी गवार उरकत नाही." जोसेफने एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावर जाऊन बसल्या. मी एकटा उडालो. वर गेल्यावर सवयीने उजवीकडे बघितलं, तर हात नव्हते. तिथे नुसती खुर्ची आणि तिच्यावर आडवा पट्टा. मी मोठ्याने म्हणालो, "एक, दोन, तीन," आणि स्पीड बघितला. उतरलो तेव्हा जोसेफने डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं, कारण एकट्याने पहिल्यांदा उडालेल्याला भिजवायची पद्धत आहे. मावशींनी हातात पिशवी दिली. चांगली अर्धा किलो भरली होती. "पोरीला सांग, आता तू चांगला उडवतोस. तिला वाईट वाटेल, पण सांग."

इथवर सांगायला मला नेहमी आवडतं. यापुढचं मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही.

एकट्याने लांब जाऊ देण्याआधी मावशींनी टेबलावर नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीने त्यावर एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे आमचं वाळवंट, पलीकडे मोठ्या विमानतळाची हवाई हद्द. अजमान, म्हणजे माझं घरही, पलीकडे. "तिकडं तू म्हणजे हायवेवर बाबागाडी. मी काय म्हणाले?"

"हायवेवर बाबागाडी."

"आता तू ओढ." त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. मी त्यांच्या रेघेशेजारी माझी रेघ ओढली. त्यांची सरळ आहे, माझी जरा थरथरलेली. तो नकाशा अजून माझ्याजवळ आहे.

त्या शनिवारी मला रेघेच्या अलीकडे एक तास उडून परत यायचं होतं. पण आदल्या दिवशी मी घरी सांगून बसलो होतो की सकाळी सव्वाआठला गच्चीवर जा, केशरी चादर घेऊन उभे राहा, मी वरून जाईन. किती शनिवार मी त्यांचे खाल्ले होते. त्यांना एकदा दाखवावं, की हे बघा, यासाठी. मला तेव्हा यात प्रेम दिसत होतं. आता त्यात स्वतःची माफी स्वतःच मंजूर करून घ्यायची घाई दिसते.

मी रेघ ओलांडली. चुकून नाही. रेघ कुठे आहे हे मला माहीत होतं, नकाशा मांडीवर होता. दोनच मिनिटं, म्हटलं. अजमानवर आलो आणि खाली बघितलं तर गच्ची सापडेना, कारण शनिवारी सकाळी अजमानच्या सगळ्या गच्च्यांवर चादरी वाळत असतात. पांढऱ्या, निळ्या, फुलाफुलांच्या, केशरी निदान पाच. मी त्या चादरींभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारणार तेवढ्यात रेडिओवर माझ्या विमानाचा नंबर ऐकू आला, एकदा, मग पुन्हा, जास्त जोरात. उतरायला आलेल्या एका मोठ्या विमानाला माझ्यामुळे पुन्हा वर जावं लागलं होतं. आत बसलेली माणसं सीटबेल्ट लावून, फोन हातात घेऊन तयार झाली असतील. मी रेडिओवर चार वेळा सॉरी म्हणालो आणि परत फिरलो.

मावशी पट्टीच्या कडेला उभ्या होत्या. पिशवी कमरेला होती, हात रिकामे.

"कुठं गेला होतास?"

"भरकटलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मांडीवरच्या नकाशाकडे बघितलं.

तीन दिवसांनी चौकशी झाली. टेबलाच्या पलीकडे क्लबचा मॅनेजर आणि एक शांत, तरुण सरकारी अधिकारी. अलीकडे मी आणि मावशी. नकाशा माझ्या बॅगेत, बॅग माझ्या पायांशी. तीन रात्री मी हिशोब नव्हे, नुसत्या शक्यता घोळवत होतो. जाणूनबुजून गेलो म्हटलं तर केस, केस झाली तर नोकरी, नोकरी गेली तर व्हिसा, आणि सानिकाचं दहावीचं वर्ष. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, का गेलास? मी म्हणालो, हद्द कुठे आहे ते मला नीट कळलं नव्हतं.

म्हणजे मी नुसतं खोटं बोललो नाही. मी ते खोटं उचलून शेजारच्या खुर्चीत ठेवलं.

अधिकारी मला म्हणाला, "उडण्याआधी तुला हद्द दाखवली होती का?"

मावशींचे हात टेबलावर होते. ते थांबले. त्या बोटांत शेंग नव्हती, तरी ते कसे थांबले हे मी ओळखलं. सात महिने मी तेच बघत आलो होतो. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. एक. मला चूक दिसली. दोन. मला ती पटली. तीन. बॅगेची चेन माझ्या बुटाला लागत होती. खाली वाकायचं, नकाशा काढायचा, टेबलावर ठेवायचा. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो.

मावशींनी हात साडीला पुसले.

"आय डिड नॉट शो हिम," त्या म्हणाल्या.

मॅनेजर गोंधळला. "मौशी, हबीबती, यू नेव्हर फरगेट."

"आय ॲम सिक्स्टी-टू. आय फरगॉट."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मॅनेजरने पेनचं टोपण लावलं आणि हळूच म्हणाला, "खलास." मला ताकीद मिळाली. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत घुसत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "जोसेफ आज सुट्टीवर आहे. माझी गाडी जरा वळवून दे." मी त्यांची गाडी रिव्हर्स काढून दिली. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी एवढंच केलं.

रात्री जेवताना मी घरी म्हणालो की मिटलं, मला हद्द माहीत नव्हती असं ठरलं. सानिकाने घास हातातच ठेवला. "बट पापा, यू टोल्ड अस टू स्टँड देअर."

मेधा तिला म्हणाली, "जेव."

मावशींचा करार त्या वर्षी नवा झाला नाही. त्या वयात दुसरा क्लब कोण देणार? क्लब गेला तसा व्हिसाही गेला. सव्वीस वर्षं त्यांनी ज्या देशात काढली, तो देश आवरायला त्यांना पाच आठवडे लागले. विमानतळावर सोडायला मीच गेलो, बॅगा उचलल्या, ट्रॉली ढकलली. आत शिरायच्या दारापाशी मी थांबलो आणि श्वास घेतला. त्यांनी हात वर केला.

"आता सॉरी म्हणू नकोस. सवयीनं म्हणशील."

आणि काचेच्या दारातून आत गेल्या. रांगेत त्यांच्या पुढच्या माणसाची ट्रॉली अडकली होती, त्याला त्या काहीतरी सुनावताना दिसल्या. तो हसत होता.

पुढे न्यूझीलंडच्या एका मुलाने माझं उरलेलं शिक्षण पूर्ण केलं. चांगला मुलगा. त्याचे हात मोकळे असायचे आणि जरा काही झालं की हँडलवर यायचे. मला लायसन्स मिळालं. मी त्याचा फोटो कुणाला पाठवला नाही. आमच्या घरी गवार येणं बंद झालं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दोन वर्षांनी, बारावी संपवून सानिका पुण्याला कॉलेजला जाणार होती, तेव्हा आम्ही तिघं सामान आणायला गेलो. भाजीच्या रांगेत तिने गवारीचं एक पाकीट उचललं आणि ट्रॉलीत ठेवलं. मेधाने माझ्याकडे बघितलं.

"तुला आवडत नाही ना?" मी सानिकाला म्हणालो.

"आय हेट इट," ती म्हणाली, आणि ट्रॉली पुढे ढकलली.

मी त्याच आठवड्यात मिरजेचं तिकीट काढलं.

मावशी एका सोसायटीत तळमजल्यावर राहतात, भाचीसोबत. दार उघडंच होतं. गॅलरीत खुर्ची, गुडघ्यांवर गरम पिशवी, मांडीवर परात.

"ये सॉरीबुवा. बारीक झालास. पोरगी काय म्हणते?"

भाची हसत सांगायला लागली की मावशी तिच्या स्कूटरवर मागे बसतानासुद्धा कमरेला ती कापडी पिशवी बांधतात. "मग काय करू? ही वळताना हात दाखवत नाही. मला पुढं हात घालून हँडल धरावंसं वाटतं." भाची चहा टाकायला आत गेली. मी बॅगेतून नकाशा काढून परातीशेजारी ठेवला. लाल रेघा दोन्ही दिसत होत्या. मग फोन काढला. त्यात एक मेल लिहून तयार होता, त्या सरकारी खात्याला आणि क्लबला. मला हद्द दाखवली होती, माझ्याकडून रेघ ओढून घेतली होती, मी जाणूनबुजून गेलो, चौकशीत खोटं बोललो. मी प्रामाणिकपणे लिहितो आहे, तर हेही लिहितो. मावशी वाचतील, माझ्या पाठीवर हात ठेवतील आणि म्हणतील, जाऊ दे रे आता, झालं गेलं, अशी माझी खात्री होती. मी हजार मैल येऊन ते 'जाऊ दे' न्यायला आलो होतो.

मावशींनी चष्मा लावून मेल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"'अनफॉर्च्युनेट' तीनदा आलंय. तिन्ही काढ. वाळूचं वादळ आलं तर अनफॉर्च्युनेट. इथं हँडल तू वळवलंस."

मी ते तिन्ही शब्द काढले. "लायसन्स जाईल, मावशी."

"जाईल की."

"ऑफिसात कळेल."

"कळेल की."

"मग... पाठवू?"

"मला काय विचारतोस? मी उजव्या खुर्चीत आहे."

त्या मेलचं उत्तर दीड महिन्याने आलं. माझं लायसन्स सध्या स्थगित आहे, आणि हे मी लिहितो आहे तेव्हा शनिवारी सकाळी घरी आहे. नोकरी राहिली, साहेबांनी बोलावून जे सुनवायचं ते सुनवलं. क्लबच्या मॅनेजरने मावशींना फोन करून परत बोलावलं. त्या म्हणाल्या, गुडघे नको म्हणतायत, पण जे म्हणालास ते लेखी पाठव. ते पत्र त्यांनी फ्रिजवर लावलं आहे, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी गॅलरीत मी फोन हातात धरून बसलो होतो. मावशींचे हात थांबले. बोटांत अर्धी मोडलेली शेंग होती. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, बाहेर बघत होत्या, समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी चादर वाळत घालत होतं तिकडे. एक. दोन. तिसऱ्याला मी अंगठा टेकवला.

मेल गेला. मावशींनी शेंग मोडली. कट् असा बारीक आवाज आला. सात महिने मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, पण इंजिनाच्या घरघरीत तो मला कधी ऐकूच आला नव्हता.